घरच्या माणसाची किल्ली

त्या पाच मजली इमारतीत चौदा बिऱ्हाडं होती आणि भाषा नऊ. पण भांडण कुठल्याही भाषेतलं असलं तरी ते सगळ्यांना समजायचं, कारण विषय ठरलेले: पाणी कोणी संपवलं, जिन्यात चपला कोणी काढल्या आणि नवरा ऐकत का नाही. घरोघरी मातीच्या चुली, हे तळमजल्यावरच्या मावशीला तेरा घरांत डोकावून आणि चौदाव्यात राहून पुरतं पटलं होतं.

मावशी शिवणकाम करायची. तिचं मशीन दाराशीच होतं, त्यामुळे तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय इमारतीत कोणाला शिरता येत नसे. मशीनच्या वर एका फळीवर सगळ्यांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या असत. त्यांच्यावर नावं लिहून उपयोग नव्हता, एकाची लिपी दुसऱ्याला वाचता येत नव्हती. म्हणून तिने प्रत्येक किल्लीला त्या त्या घरच्या कपड्याची चिंधी बांधली होती. आणि नियम एकच: घरचा माणूस आला की किल्ली द्यायची, चौकशा करायच्या नाहीत. एकदा तिने चौकशा केल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या दिराला ओळखत नाही म्हणून दोन तास जिन्यात बसवून ठेवलं, आणि ती बाई महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती. ‘आमच्या माणसाला चोर ठरवलंत,’ म्हणाली. तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला.

तिसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिच्या सहा वर्षांच्या मुलीबरोबर. तीन वर्षांपूर्वी दोन बॅगा आणि कडेवर झोपलेलं ते पोर घेऊन ती आली होती. नवरा कुठे आहे असं विचारल्यावर म्हणाली, “जहाजावर असतो. येईल.” तीन वर्षं किनाऱ्याला न लागणारं जहाज कुठलं, हा प्रश्न मावशीला पडला नव्हता असं नाही. पण तिचा स्वतःचा मुलगा परदेशात होता आणि “दर रविवारी फोन करतो” असं ती सगळ्यांना सांगायची. त्याचा शेवटचा फोन येऊन वर्ष होत आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली उघडायची नसेल तर दुसऱ्याची कशाला उघडा?

मुलीला सगळे चिमणी म्हणत. शाळा सुटली की ती थेट मावशीकडे यायची, जेवायची आणि मशीनच्या पायाशी बसून बटणांचा डबा उपसायची. मावशीचा नवरा आयुष्यभर बस चालवून आता घरी बसला होता. दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा, त्यातली आठ चिमणीशी. ती आईची भाषा बोलायची, शाळेची बोलायची, आणि मावशीची तर अशी बोलायची की भाजीवाला विचारायचा, “नात का?” मावशी “हो” म्हणायची. तेवढं एक खोटं तिला फार गोड लागायचं.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खेळण्याचा मोठा खोका, चेहऱ्यावर दमलेल्या प्रवाशाचं हसू. त्याने फोनवर फोटो दाखवला: तो, नर्स आणि तान्ही चिमणी.

“अगंबाई, जहाजावरून आलात?” मावशीने विचारलं.

“हो, सुटलं एकदाचं जहाज,” तो म्हणाला. “तिला सांगितलेलं नाही. अचानक समोर उभं राहायचंय.”

मावशीला इतका आनंद झाला की तिने हातातला ब्लाऊज तसाच सुईखाली सोडला. “या, या, जावईबापू! किती वाट पाहायला लावलीत हो पोरीला!” तिने चहा टाकला. नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाला, “तिला एक फोन कर.”

“कामावर असताना फोन कपाटात असतो तिचा. आणि तो म्हणतोय ना, सांगू नका म्हणून! तुमचं आपलं प्रत्येक गोष्टीत खुसपट.”

नवऱ्याने कप विसळायला घेतले. चाळीस वर्षांत तो असाच जिंकायचं सोडून गप्प बसत आला होता.

मावशीने किल्ली दिली. तो वर जाऊन वीस मिनिटांत खाली आला, खांद्याला एक बॅग. “हिला जरा बाजारात नेतो. आईसाठी काहीतरी घेऊ, मग दोघं मिळून हॉस्पिटलच्या दारात उभे राहू,” म्हणाला. हे ऐकताच नुकतीच शाळेतून आलेली चिमणी मशीनखाली शिरली आणि मावशीच्या पायाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. एक शब्द बोलेना. खेळण्याचा खोका पुढे केला तरी बघेना.

“अगं वेडाबाई, बापाला कोणी लाजतं का?” मावशी हसून म्हणाली. तीन वर्षांनी दिसतोय, लाजणारच, असं तिला वाटलं. तिने खाली वाकून एकेक करत ती चिमुकली बोटं सोडवली, पोरीला बाहेर ओढलं, फ्रॉक नीट केला आणि तिचा हात स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिला. वर म्हणाली, “जा, मजा कर.”

सहा वाजता नर्स एकटीच आली. मावशी दारातच उभी होती, हसू लपवता येत नव्हतं. “एकटीच कशी? भेटले नाहीत का? अगं, जहाज लागलं तुझं किनाऱ्याला!”

नर्सच्या चेहऱ्याकडे पाहूनच मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. नर्स जिन्यातून धावत वर गेली. कपाट उघडं होतं. चिमणीचा पासपोर्ट नव्हता. ती खाली आली आणि पहिल्यांदाच खरं बोलली. जहाज नव्हतंच कधी. होती ती एक मोडलेली बरगडी, बंद केलेला दरवाजा, आणि एका पहाटे पोरीला उचलून काढलेला पळ. “नवऱ्याने मारलं म्हणून पळून आले, असं कसं सांगायचं मावशी? नवीन जागा, नवीन माणसं. म्हटलं, जहाज बरं.”

सात वाजता तिघं पोलीस ठाण्यात बसले होते. नर्सच्या बाजूला मावशी, मागे मावशीचा नवरा. टेबलापलीकडचा फौजदार वाईट माणूस नव्हता, उलट घाईने विचारत होता. कोर्टाचा कागद आहे? नाही. तक्रार कधी केली होती? नाही. तो बापच आहे ना? हो.

“मग एकच रस्ता उरतो,” तो म्हणाला. “जबरदस्तीने नेली असेल तर मी आत्ता विमानतळावर कळवू शकतो. शेवटचं कोणी पाहिलं तिला?”

“मी,” मावशी म्हणाली.

“कशी गेली? रडत होती? ओढून नेली?”

नर्सने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत फक्त एवढंच होतं, की माझं पोर घाबरलं नव्हतं असं कोणीतरी सांगा. मावशीच्या मनात त्या बोटांची पकड होती. ते या आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? आज हिच्यावर एवढं कोसळलंय, त्यात आणखी हे कशाला? जन्मभर ज्या मायेने ती लोकांची दुःखं झाकत आली, त्याच मायेने ती म्हणाली, “नाही हो, साहेब. हसत गेली. उड्या मारत गेली.”

नर्सने डोळे मिटले. फौजदाराने ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“मग माझे हात बांधलेले आहेत. मूल राजीखुशीने बापाबरोबर गेलं. हे घरगुती प्रकरण झालं. उद्या वकील बघा.”

मावशीला कळायला एक क्षण लागला. मग ती ताडकन उठली. “नाही, नाही, साहेब! खोटं बोलले मी! ती जात नव्हती. मशीनखाली लपली होती, माझा पाय सोडत नव्हती. फोन करा हो तुम्ही, पाया पडते तुमच्या, आधी फोन करा!”

“बाई, दोन मिनिटांपूर्वी उड्या मारत होती. आता लपली?” त्याचा आवाज चढला नाही, नुसता थकला. “रोज बघतो मी हे. मी फोन करणार नाही असं कळलं की जबाब बदलतो. यावर मी विमान थांबवायला सांगितलं तर उद्या माझी नोकरी जाईल.”

“खरं बोलतेय ती,” मागून नवरा म्हणाला. “मी पाहिलंय.”

“तुम्ही नवरा ना यांचे?” फौजदार म्हणाला आणि त्याने कागद फाईलमध्ये घातला.

नर्सने हळूहळू विचारलं, जणू तिला भाषाच नीट येत नव्हती, “पाय धरला होता तिने?”

“हो.”

“मग सुटला कसा?”

मावशीने स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. “मी सोडवला गं. मी.”

नर्स उठली. तिने खाली वाकून आपली खुर्ची उचलली आणि मावशीच्या खुर्चीपासून लांब नेऊन ठेवली.