सहा फुटांची टाकी

"ह्ये नको. ह्यानं मासे मरतात."

चिपळूणच्या हार्डवेअरच्या दुकानात तुळसाने सिलिकॉनची नळी काउंटरवरून परत सरकवली. दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला कापडी पिशवी, बोटांची टोकं कोळसा हाताळल्यासारखी काळी.

"मावशी, सिलिकॉन ते सिलिकॉन. मासे कशाला मरतायत?"

"ह्ये बाथरूमचं हाय. बुरशी धरू नये म्हणून औषध असतं ह्याच्यात. मागं लिवलेलं हाय, वाचा. माला साधं काचेचं पायजे."

दुकानदाराने नळी उलटी करून वाचली आणि तो आत गेला. बाहेर आला तो दुसऱ्या तीन नळ्या घेऊन.

"टाकी केवढी?"

"सहा फुटी."

"मग कारागीर बोलवा. एवढं काम घरी होत नाय. करणार कोण?"

"मीच," तुळसा म्हणाली आणि नळ्या पिशवीत टाकल्या.

ही टाकी तिला नवी नव्हती. सात वर्षं तिने ती रोज पाहिली होती. अलोऱ्याच्या कॉलनीत घोरपडे साहेबांच्या क्वार्टरवर ती धुण्याभांड्याला जायची. साहेब पोफळीच्या पॉवरहाउसवर इंजिनिअर, मूळचे कराडकडचे. हॉलमध्ये भिंतभर टाकी आणि तिच्यात सात ऑस्कर मासे, वीतभर लांबीचे, काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे असलेले. टाकी साहेबांची हौस, पण पाणी बदलायचं तुळसाने, काच पुसायची तुळसाने, साहेब ड्यूटीवर असले की दाणे घालायचे तुळसाने. ऑस्कर माणूस ओळखतो. ती दारात आली की साती मासे काचेशी गोळा व्हायचे. त्यातला एक तर तिच्या बोटाला तोंड लावून उभा राहायचा.

दहा वर्षांपूर्वी एके सकाळी ती कामाला गेली तेव्हा टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालेलं होतं आणि साती मासे पोट वर करून तरंगत होते. घरभर फिनेलचा वास. फिनेलची बाटली त्या घरात एकच, मोरीतली, आणि ती वापरणारी बाईही एकच.

साहेबांनी तिला विचारलं नाही. दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं आणि ओरडून सांगितलं, "माझ्या जित्राबांना विष घातलं हिनं! हिला कुणी दारात उभी करू नका." कॉलनीतल्या बायका आपापल्या फाटकांशी उभ्या होत्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये काम करणारी गंगुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आज माशांना घातलंन, उद्या आमटीत घालील." आठवड्याभरात तुळसाची पाचही घरं सुटली. त्यातली तीन गंगुबाईला लागली.

सदू, तुळसाचा नवरा, तेव्हा मुंबईत एका कॅन्टीनमध्ये होता. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे कॅन्टीनची गडबड ऐकू येत होती. मग सदूने हळूच विचारलं, "घातलंस काय गो?"

तिने फोन ठेवून दिला. साहेबांचा आरडाओरडा तिला तेवढा लागला नव्हता.

मग काजूची फॅक्टरी आली. रोज चार मैल चालत जायचं आणि दिवसभर बिया फोडायच्या. टरफलातलं तेल बोटांना लागून कातडी सोलून निघायची, नवी यायची, तीही सोलून निघायची. पुढे बोटांची टोकं कायमची काळी आणि गुळगुळीत झाली. आधारकार्डाच्या वेळी मशीनवर तिचे ठसे उमटेनात. ऑपरेटर वैतागून म्हणाला, "मावशी, बोटं कुठं घालवलीत?" घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर घोरपडे साहेबांचा चेहरा होता. या माणसाला एक दिवस माझ्यासमोर बसवायचं, एवढंच तिने ठरवलं. कसं, ते ठरायला मात्र आणखी कितीतरी वर्षं गेली.

गेल्या वर्षी कॉलनीचा वॉचमन विठू रस्त्यात भेटला. साहेब निवृत्त होऊन कधीच खेडला बंगला बांधून गेले होते. टाकी क्वार्टरमागे पडून होती. साहेब असतानाच फांदी पडून तिची एका बाजूची काच तडकली होती.

"भंगारवाला पण उचलीत न्हाय," विठू म्हणाला. "तुज्या कोंबड्यांना व्हईल बघ."

"दे," तुळसा म्हणाली.

टेम्पोतून टाकी उतरवताना, मुंबई सोडून घरी आलेला सदू घामाघूम झाला. "ह्या काचंचं करायचं काय?" त्याने विचारलं.

"मासे ठेवायचे."

"त्याच जातीचे?"

"त्याच."

सदूने पुढे विचारलं नाही. फोनवरच्या त्या प्रश्नानंतर या विषयात आपल्याला तोंड उरलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तुळसा शिकली. तडकलेली काच काढायला तिने तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, घेतली, दोन्ही टोकांना काठीचे तुकडे बांधले आणि सांध्यातून करवतीसारखी ओढली. नवी बारा एमएमची काच कापून आणली. ती बसवली, सिलिकॉन भरलं, आठ दिवस वाळू दिलं. टाकीखाली वर्तमानपत्रं पसरून पाणी भरलं. दोन दिवस कोरडं होतं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला कागद ओला झाला.

"जाऊ दे गो," सदू म्हणाला.

तुळसाने बादलीने पाणी उपसायला घेतलं. चूक तिला कळली होती. तिने कोपऱ्यांत जुन्या सिलिकॉनवरच नवं भरलं होतं. जुन्यावर नवं धरत नाही. मग तिने चारही काचा सोडवल्या आणि जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडायला बसली. फॅक्टरीतून आल्यावर उजेड असेपर्यंत दोन तास, रोज. पांढऱ्या रबरासारखे तुकडे निघत. एक एक तुकडा काढताना ती मनात एक एक वाक्य घासून धारदार करायची. साहेब, मी का मारीन? सात वर्षं मी हातानं भरवलं, मी का मारीन? कधी वाक्य शिवीवर जायचं. मग ती शिवी काढून टाकायची. शिवी दिली की साहेबांना उठून जायला निमित्त मिळालं असतं.

महिनाभराने काचा लखलखीत झाल्या. तिने त्या स्पिरिटने पुसल्या, कडांना चिकटपट्टी लावली, चारही काचा उभ्या करून आतून सिलिकॉन भरलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट सांध्यावरून एका दमात फिरवलं. ठसे नसलेल्या त्या बोटाखाली सांधा असा गुळगुळीत बसला की सदू वाकून बघतच राहिला.

ओटीवर जांभ्याचे चिरे रचून तिने बैठक केली. गवंड्याकडून पाणनळी आणून पातळी बघितली. वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. प्लास्टिकच्या पिंपात स्पंज आणि खडी घालून फिल्टर केला. पाणी भरून दीड महिना नुसतं चालू ठेवलं, कारण नवं पाणी माशांना मानवत नाही, ते पिकावं लागतं. मग चिपळूणहून बोटभर लांबीचे सात ऑस्कर आणले. आठ महिन्यांत ते वीतभर झाले.

त्यानंतर एका रविवारी तुळसा एसटीने खेडला गेली आणि घोरपडे साहेबांच्या बंगल्याची बेल वाजवली. दार साहेबांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती.

"तू?"

"तुमची टाकी मी दुरुस्त केलीया साहेब. सात ऑस्कर हायत. बघायला या."

साहेबांच्या कपाळावरची आठी आधी घट्ट झाली. मग ते म्हणाले, "सहा फुटी? ती तडकली होती की. कुणाकडनं करून घेतलीस?"

"या तर."

माणसाची हौस रागापेक्षा चिवट असते. पुढच्या रविवारी दुपारी गाडी तुळसाच्या अंगणात थांबली. साहेबांबरोबर त्यांच्या पत्नी मृणालीवहिनीही होत्या. त्या पूर्वीही फार बोलत नसत, आता तर सावलीसारख्या मागून आल्या.

ओटीवर गंगुबाई आणि त्या दिवशी फाटकांशी उभ्या असलेल्यांपैकी दोघी बसल्या होत्या. तुळसानेच त्यांना चहाला बोलावलं होतं. टाकीसमोर साहेबांसाठी खुर्ची होती आणि टाकीशेजारी, चिऱ्यावर, फिनेलची एक नवी, सील न फोडलेली बाटली उभी होती. साहेब बसले की मासे आणि बाटली दोन्ही एका नजरेत येतील, अशी जागा तिने बघून ठेवली होती.

साहेब बसले. मासे काचेशी आले. साहेबांनी बाटली पाहिली, ओठ आवळले आणि परत माशांकडे बघू लागले.

तुळसाने त्यांच्या हातावर दाणे ठेवले. "घाला साहेब. मग माला एक सांगा. सात वर्षं मी..."

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनींच्या हातातला पाण्याचा पेला जमिनीवर होता आणि त्या बाटलीकडे बघत होत्या. "मला जरा आत बसू दे," त्या म्हणाल्या.

तुळसाने त्यांना मागच्या पडवीत नेलं. वहिनी बसल्या नाहीत. खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"तुळसा, ते मी केलं होतं."

तुळसाला आधी कळलंच नाही.

"माझे अण्णा वारले सांगलीला. सकाळी फोन आला. हे म्हणाले, मासा आजारी आहे, औषधाचे तीन दिवस आहेत, टाकी सोडून येता येणार नाही, तू पुढं हो. मी एकटी गेले. अण्णांना नेताना सगळे विचारत होते, जावई कुठायत? हे आले तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर. परत आल्यावर महिनाभर मी त्या माशांकडे बघत होते. मग एका पहाटे ओतलं. नाव तुझ्यावर येईल हे डोक्यात नव्हतं गं, खरंच."

"नाव आल्यावर तर होतं," तुळसा म्हणाली. "माला दंडाला धरून न्हेलानी, तवा तुमी दारामागं हुता. माला तुमचा पदर दिसत हुता."

वहिनींनी मान खाली घातली. "यांची बायपास झाली आहे. मुलं परदेशात. आम्हाला दोघांनाच एकमेकांचा आधार आहे. एवढं तुझ्यापाशी ठेव. हवं तर पाया पडते."

अकरा वर्षं तुळसा एका माणसावर धार लावत बसली होती, आणि ज्या हाताने ओतलं तो हात हा, तिच्या पडवीतला खांब धरलेला. तिला दया यायला हवी होती. आली नाही.

"मी न्हाय सांगनार," ती म्हणाली. वहिनींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "तुमी सांगा. आता. ह्या तिघींच्या म्होरं. माजं पण ह्यांच्या म्होरंच झालं हुतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी चुलीवरनं चाय उतरवते. तवर इचार करा."

तिने खरोखरच चहा उतरवला, गाळला, कपांत ओतला. ट्रे घेऊन ती ओटीवर आली तेव्हा वहिनी टाकीजवळ उभ्या होत्या आणि बोलायला सुरुवात झाली होती. आवाज बारीक होता, पण शब्द एकही गाळला नाही. सदू दाराशी उभा राहून ऐकत होता. गंगुबाईने तोंडाला पदर लावला.

वहिनींचं बोलणं संपलं. साहेबांच्या मुठीतले दाणे घामाने भिजून विरघळत होते.

"अकरा वर्षं," साहेब शेवटी बायकोला म्हणाले. "अकरा वर्षं माझ्या ताटात वाढलंस तू."

ते उठले. तुळसा पुढे झाली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिला एक शब्द हवा होता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून टाकीकडे.

"फिल्टरचा पाइप थोडा वर घे," ते म्हणाले. "वरचं पाणी हलत नाही नीट."

तिला वळसा घालून ते पायऱ्या उतरले आणि गाडीत बसले. गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. वहिनी धावत अंगणात गेल्या तोवर ती रस्त्याला लागली होती. वहिनींची पर्स, मोबाइल, सगळं गाडीत होतं.

"तुळसा," गंगुबाई चाचरत म्हणाली, "आमचं चुकलंच गो..."

"चाय पी आणि जा," तुळसा म्हणाली.

सदू तिच्या तोंडाकडे बघत होता. त्यालाही काही बोलायचं होतं. तिने त्याला बोलू दिलं नाही. चपला पायांत सरकवल्या आणि वहिनींना म्हणाली, "चला. साडेचारला खेडची गाडी हाय."

दोघी थांब्यापर्यंत एकामागून एक चालत गेल्या. थांब्यावर वहिनी म्हणाल्या, "झालं ना समाधान तुझं?"

तुळसाने खोटं सांगितलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "थोडं झालं."

"ते दार उघडणार नाहीत."

तुळसाने लांबवर रस्त्याकडे पाहिलं आणि एसटी दिसताच हात केला.

गाडी थांबली. वहिनी चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. तुळसा पायरीवर चढून कंडक्टरला म्हणाली, "खेड एक. बायकांचं हाफ." कंबरेच्या पिशवीतून पैसे काढून तिने दिले, तिकीट घेतलं आणि वहिनींच्या हातात ठेवलं. वहिनींनी ते मुठीत धरलं. मान वर केली नाही.

"ह्यांना सांभाळून उतरवा," तुळसा म्हणाली.

कंडक्टरने बेलची दोरी हातात धरून विचारलं, "कोण तुमच्या?"

"कोणी न्हाय," तुळसा खाली उतरत म्हणाली. "मी ह्यांच्याकडं कामाला हुते."