हलका हात

सोमवारी सकाळी दहाच्या आत ड्रेसिंगच्या खोलीत तीन बायका येऊन गेल्या. एक जिन्यावरून पडली होती, एक न्हाणीघरात घसरली होती आणि तिसरीला म्हणे दार लागलं होतं. तिसरीच्या गळ्यावर चार बोटांचे वळ होते. दाराला बोटं असतात हे तिच्यामुळे कळलं. पण ड्रेसिंगच्या सिस्टरांनी काही विचारलं नाही. गळ्याला मलम लावलं, फुटलेला ओठ साफ केला आणि केसपेपरवर 'कारण' म्हणून जो रकाना असतो त्यात लिहिलं: पडून.

शेजारी उभी असलेली नवी सिस्टर अजून शिकत होती. तिनं हळूच विचारलं, दार लागलं म्हणते, मग पडून कसं? तेव्हा सिस्टरांनी तिला बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं शहाणपण दिलं. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. बाई खरं सांगत नाही. सांगितलंच तर पोलीस येतात, दोन तास जातात, आणि दुपारी तीच बाई रडत परत येते की खोडून टाका. त्यापेक्षा आधीच पडून लिहावं आणि पुढचा पेशंट घ्यावा. नव्या मुलीनं मान डोलावली. चांगल्या विद्यार्थिनीला एकदाच सांगावं लागतं.

सिस्टरांचा हात हलका, ही त्यांची ख्याती होती. गल्लीतल्या पोरांनी गुडघे फोडून घेतले की ती दवाखान्यात जायची नाहीत, सिस्टरांच्या पहिल्या मजल्यावरच्या दारात येऊन उभी राहायची. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या खणात डाळ-तांदळाचे डबे नव्हते; गॉज, चिकटपट्टी, कात्री आणि टाक्यांचा दोरा होता. बहुतेक दवाखान्यातूनच आलेला. गल्लीला वाटायचं, हे सगळं पोरांच्या गुडघ्यांसाठी आहे.

ते होतं सुनेसाठी. सिस्टरांचा एकुलता एक मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बायकोला मारायचा. पहिलं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हातारं लिफ्टमध्ये अडकलं तर हा गडी जेवणाच्या ताटावरून उठून जायचा, वर पैसे घ्यायचा नाही. तळमजल्यावरच्या काकू म्हणत, त्याच्या तोंडात साखर आहे. त्याच्या हातात काय आहे ते काकूंनाही माहीत होतं, कारण त्या घराची छतं काही जाड नव्हती. पण दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं म्हणून त्या टीव्हीचा आवाज वाढवत.

सिस्टर स्वतःला वाईट सासू समजत नव्हत्या, आणि इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. त्यांच्या नवऱ्यानं त्यांचं मनगट मोडलं होतं. तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी भांड्याला भांडं लागायचंच एवढं सांगून पीठ मळायला बसवलं होतं, त्याच हातानं. ते मनगट अजून वाकडं होतं. आपल्या सुनेवर अशी वेळ येऊ द्यायची नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मार थांबवायचा हे त्यांना सुचलं नाही. मार बसल्यावर पट्टी बांधायची एवढंच सुचलं. मुलगा हात टाकून मोकळा झाला की त्या त्याला चार शब्द सुनावून बाहेर पिटाळत, सुनेला स्टुलावर बसवत, जखम धुवत, फुंकर घालत. एकदा भुवई फुटली होती, तिथे त्यांनी असे बारीक टाके घातले की व्रण शोधून सापडू नये. चार दिवसांत दिसणारही नाही बघ, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. आणि खरंच, सहा वर्षांत कुणाला काही दिसलं नाही.

सून एकदा पोलीस चौकीत जाऊन आली होती. समोरच्या माणसानं चहाचा कप बाजूला ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि दवाखान्याचा कागद आणा म्हणून सांगितलं. कागद नव्हता. बोट मोडलं ते घरीच बांधलं गेलं होतं, पाठ भाजली तिला घरीच मलम लागलं होतं. घरचा वैद्य असण्याचं सुख असं. ती परत आली आणि संध्याकाळची भाजी चिरायला लागली. त्या दिवसापासून तिला फक्त एक गोष्ट हवी होती, आपल्यावर काय झालं ते कुठंतरी लिहिलेलं असावं.

तिची नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर ऐकण्याची होती. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर परक्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि प्रत्येकाला एक तक्रार क्रमांक द्यायची. पगार बेताचा होता, पण स्वतःचा होता. तिथल्या बायका तिला वहिनी म्हणायच्या.

एका रविवारी सकाळी नळ सुरू होता, ती भांडी घासत होती. नवऱ्याला पान्हा सापडेना. त्यानं दोन हाका मारल्या, त्या पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आल्या नाहीत. तिसऱ्या हाकेला तो स्वतःच आला आणि त्यानं डाव्या कानाखाली वाजवली. तिच्या कानात काहीतरी फट्कन वाजलं, मग एकसारखी शिट्टी सुरू झाली. बोटाला रक्ताचा टिपका लागला.

सिस्टरांना ते रक्त पाहताच कळलं, पडदा फाटला. अशा कानात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नसतो, तेल नाही, औषध नाही, सरळ कानाच्या डॉक्टरकडे जायचं असतं. हे त्या रोज चार पेशंटांना बजावत. पण कानाच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याच दवाखान्यातल्या, आणि डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या. चापटीनं फाटलेला पडदा त्यांना पडून फाटला म्हणून खपला नसता. सिस्टरांनी रात्रभर विचार केला असं म्हणवत नाही. पाच मिनिटंसुद्धा केला नाही. त्यांनी वरच्या खणातून कानाचे थेंब काढले, कोमट केले आणि आपल्या हलक्या हातानं सुनेच्या कानात सोडले. वर कापसाचा बोळा ठेवला. होईल आठ दिवसांत बरं, म्हणाल्या.

आठ दिवसांत पू यायला लागला. सिस्टरांनी थेंब वाढवले. सून हेडफोन उजव्या कानाला लावू लागली. घरात तिला मागून मारलेल्या हाका कळेनाशा झाल्या, आणि नवरा विचारू लागला, कान फुटलेत का तुझे? त्याचं उत्तर त्यालाच ठाऊक असायला हवं होतं. हाक न ऐकल्याबद्दल तिला पुन्हा मार बसला. दोन महिने असे गेले.

मग एके दिवशी भर दुपारी, एका आजोबांची गढूळ पाण्याची तक्रार लिहून घेता घेता, तिला गरगरलं आणि ती खुर्चीवरून खाली कोसळली. सहा वर्षांत ती खरोखर पडली ती हीच एकदा. कचेरीतल्या बायकांनी रिक्षात घालून तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तो सिस्टरांचाच दवाखाना होता.

सिस्टर धावत कानाच्या वॉर्डात पोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंचं तपासून झालं होतं. कानामागच्या हाडापर्यंत पू गेला होता. ऑपरेशन उद्याच करायला हवं होतं, आणि त्या कानानं पुन्हा ऐकू येणार नव्हतं. बाईंनी हात धुता धुता दोनच प्रश्न विचारले. हिला कुणी मारलं? आणि फाटलेल्या कानात औषध कुठल्या शहाण्यानं घातलं?  सून सिस्टरांकडे पाहत होती. सिस्टरांनी चादरीची घडी नीट केली. कागद पूर्ण करून ठेवा, मला नीट कारण हवं, असं नव्या सिस्टरला सांगून बाई पुढच्या पेशंटकडे गेल्या.

नवी सिस्टर पेन काढून उभी राहिली. शेजारी तिच्या गुरू उभ्या होत्या. तिनं शिकल्याप्रमाणे रकाना आधीच भरला होता.

"वहिनी, कचेरीत पडलात ना?" ती म्हणाली.

सून उठून बसली. "माझ्या सासूबाईंना बाहेर जायला सांगा. मग विचारा."

पडदा ओढला गेला. पलीकडे सिस्टर उभ्या होत्या आणि पडद्याला काही भिंतीची जाडी नव्हती. सून आवाज न चढवता सांगत होती. भुवई कधी, बोट कधी, पाठ कधी, कान कधी. दर वेळी पुढे तेच वाक्य: आईंनी पट्टी बांधली. सिस्टरांना एकेक जखम आठवत होती, कुठला दोरा वापरला तेसुद्धा.

तेवढ्यात मुलगा आला. हातात मोसंब्यांची पिशवी, केस नीट विंचरलेले. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला त्यानं वाटेत पाणीही दिलं. आईला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "सांभाळून घे, आई. मी अडकलो तर तूही अडकशील. थेंब कुणी घातले ते निघेलच." हे तो धमकी म्हणून बोलला नव्हता. आईची काळजी म्हणूनच बोलला होता, आणि म्हणूनच सिस्टरांना पहिल्यांदा त्याची किळस आली. तो आपल्याला स्वतःसारखंच समजतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

नवी सिस्टर पडद्यातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, त्या म्हणतात सगळ्याला साक्षीदार तुम्ही आहात. मी काय लिहू?"

मुलगा हसून पुढे झाला आणि म्हणाला, तिला ताप आहे, ती बरळते आहे.

"आधीचं खोड," सिस्टर म्हणाल्या. "लिही, नवऱ्यानं मारलं. माझ्या मुलानं. कानात थेंब मी घातले, कळत असताना घातले. सहा वर्षं मीच लपवलं. खाली माझी सही घे." त्यांनी त्याच वाकड्या मनगटाच्या हातानं सही केली, नव्या मुलीनं कागद धरला. मुलगा दोन पावलं मागे सरला. त्यानं आईला हाक मारली, ती त्यांना नीट ऐकू आली, पण त्या वळल्या नाहीत.

पोलीस आले, जबाब झाला, मुलाला घेऊन गेले. गल्लीत निषेध झाला, तो सिस्टरांचा. पोटच्या पोराला कुणी असं करतं का, असं तळमजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, आणि बावीस बिऱ्हाडांपैकी एकानंही त्यांना गप्प केलं नाही. दवाखान्यानं सिस्टरांवर चौकशी बसवली. बत्तीस वर्षं खोटं लिहिलं तेव्हा कुणी चौकशी केली नाही. एकदा खरं लिहिलं तर आठ दिवसांत कागद हातात. त्यांनी तो वाचला आणि जे होतं ते कबूल करायचं ठरवलं. नवी सिस्टर आता बायकांना तपासताना नवऱ्यांना व्हरांड्यात बसवते आणि पडदा ओढून विचारते. पहिल्या आठवड्यात तिला अकरा जणींनी खरं सांगितलं. त्या अकरा जणी आपल्यापैकी कुणाच्या तरी वरच्या, खालच्या, शेजारच्या घरात राहतात, आणि त्यांच्या घरातला आवाज आपल्याला ऐकू येतो.

चौकशीचा कागद यायच्या आधी, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, सिस्टर सुनेला भेटायला गेल्या होत्या. डोक्याला पट्टी होती. दुसऱ्या कुणीतरी बांधलेली, जरा ओबडधोबड. सिस्टरांचा हात सवयीनं ती सारखी करायला पुढे गेला. सुनेनं डोकं मागे घेतलं. सिस्टर म्हणाल्या, त्यानं तुझं वाटोळं केलं, त्याला मी कधी माफ करणार नाही.



"त्याला निदान राग तरी यायचा, आई," सून म्हणाली. "तुम्ही तर शांत असायचात."

सिस्टर भेटीची वेळ संपेपर्यंत स्टुलावर बसून होत्या.