गिअरची गाडी

वर्ना होल्मक्विस्टच्या हातातून गाडीची किल्ली गेली ती एका सांताक्लॉजपायी.

शेजारच्या टेरेन्स प्रुइटने डिसेंबर लागल्या लागल्या अंगणाच्या कडेला हवा भरलेला सांताक्लॉज उभा केला होता, चांगला दोन पुरुष उंचीचा. वर्नाने आपली पिकअप मागे घेताना त्याला असा काही चिरडला, की सांता फुस्स करून जागच्या जागी आडवा. "वाऱ्याने तो रस्त्यावर आला, त्याला मी काय करू?" असं वर्ना वर तोंड करून म्हणाली. टेरेन्स भांडला नाही. भांडला असता तर परवडलं असतं. त्याने वर्नाच्या मुलाला, कर्टला, फोन केला.

कर्ट डेन्व्हरहून आला, आईच्या गालाचा पापा घेतला, किल्ली खिशात घातली आणि जाता जाता म्हणाला, "नव्या वर्षात आपण ते वृद्धांचं निवास बघून येऊ, आई. छान आहे अगदी. रोज बिंगो खेळतात, आकडे पुकारून."

बिंगो! आता बोला! ऐंशी ओलांडलेली असली तरी वर्ना काही दात पडलेली मांजर नव्हती. एल्म रिजसारख्या वसाहतीत गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. दुकान लांब, चर्च लांब, केस कापणारी त्याहून लांब. दूधसुद्धा मुलाच्या सवडीने आणायचं, आणि शेवटी घर विकून बिंगो खेळत बसायचं, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या दिवसापासून टेरेन्स दिसला की ती खाडकन पडदा ओढून घ्यायची.

त्या वर्षी ख्रिसमस होऊन गेला तरी बर्फाचा पत्ता नव्हता. घरांमागच्या माळावर कमरेएवढं गवत वाळून नुसतं खडखडत होतं. लोक भर हिवाळ्यात अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि काय सुंदर हवा पडलीये म्हणत होते. सुंदर कसली, डोंबल! वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना डोंगरावरून असा वारा सुटला की कचऱ्याचे डबे आपल्या पायांनी गल्लीतून पळायला लागले. वर्ना जेवायला बसली होती. खिडकीतून पाहते तर पश्चिमेचं आभाळ तपकिरी झालेलं.

कर्टचा फोन येऊन गेला आणि तेवढ्यात दार धडधडलं. दारात टेरेन्स, पायात घरातल्या सपाता, आणि हातात वासराएवढ्या कुत्र्याचा पट्टा.

"वर्ना, निघा! माळ पेटलाय. मागच्या गल्लीतली कुंपणं धरलीत आगीने!"

"मग तू इथे काय करतोयस?"

"बायको गाडी घेऊन कामावर गेलीये. म्हटलं, कर्ट तुम्हाला न्यायला येत असेल तर..."

"त्याचाच फोन होता. रस्ते अडवलेत, त्याला पुढे सोडत नाहीत."

मग वर्ना आत गेली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि दुसरी किल्ली बाहेर काढली. टेरेन्सने आ वासला.

"बघतोस काय? कर, याचाही फोन कर कर्टला!" वर्ना म्हणाली.

वीज गेली होती, त्यामुळे गॅरेजचं दार बटण दाबून उघडेना. टेरेन्स नुसताच बटण बडवत बसला. "अरे, ती लाल दोरी ओढ वरची!" वर्ना ओरडली. तो दोरीला लोंबकळला, दार सुटलं, आणि दोघांनी मिळून ते हातांनी वर ढकललं. आत वर्नाच्या नवऱ्याची, कैलासवासी आर्विडची, जुनी निळी पिकअप उभी होती.

"द्या किल्ली, मी चालवतो," टेरेन्स म्हणाला आणि ऐटीत चालकाच्या जागी बसला. मग त्याने पायांकडे पाहिलं. मग वर्नाकडे पाहिलं.

"हे तिसरं काय आहे?"

आता काय सांगावं! घोड्यासारखा वाढलेला, केस पिकायला लागलेला माणूस, आणि त्याने जन्मात क्लच पाहिलेला नव्हता. इथे सगळ्या गाड्या आपोआप गिअर बदलणाऱ्या, निम्म्या लोकांची हीच गत. बाहेर ठिणग्या उडत होत्या, तरी वर्नाला खुदकन हसू आलं.

"सरक तिकडे," ती म्हणाली.

कुत्रा दोघांच्या मधे बसला, त्याचं नाव वॉफल. दुसरा गिअर टाकायचा तर आधी वॉफलचा पंजा उचलावा लागे. टेरेन्स बिचारा ते काम इमानाने करत होता. हमरस्त्यावर आले तर अख्खी वसाहत तिथे, गाडीला गाडी लागलेली. त्यात चढ. पुढची गाडी दोन हात सरकायची आणि थांबायची, सरकायची आणि थांबायची. वर्ना अर्ध्या क्लचवर गाडी अशी अलगद धरून होती, की ती एक बोटभरही मागे घसरली नाही.

"हे... हे भारीच आहे," टेरेन्स म्हणाला.

"तुझ्या सांताला विचार," वर्ना म्हणाली. मूठभर मांस चढलं होतं तिला.

आणि मग धूर आला. भरदुपारी काळोख झाला. रस्त्याच्या कडेची झाडं दिसेनाशी झाली, ठिणग्या काचेवर तडतडायला लागल्या. वर्ना पुढे वाकून काचेला नाक लावून बघायला लागली.

"टेरेन्स, मला दिसत नाहीये."

"कुणालाच दिसत नाहीये, इतका धूर आहे."

"धुराचं नाही म्हणत मी." तिचा आवाज बारीक झाला. "डाव्या डोळ्याने मला उन्हाळ्यापासून दिसत नाही. उजवाही जेमतेम. त्या दिवशी वाराबिरा काही नव्हता. तुझा तो मेला सांता मला दिसलाच नव्हता."

गाडी चालवणारीला दिसत नाही आणि दिसणाऱ्याला गाडी येत नाही! पण टेरेन्सने बाहीने काच पुसली.

"बरं. मी सांगतो, तुम्ही चालवा. पुढे लाल दिवे. ब्रेक! हां. आता हळूहळू. डावीकडे फांदी पडलीये, उजवीकडे घ्या. अजून. अजून थोडं. बास!"

"ओरडू नकोस. ऐकू येतंय मला. कान शाबूत आहेत."

असं करत करत, एक ओरडतोय, एक गिअर घालतेय आणि वॉफल दोघांच्या तोंडावर धापा टाकतोय, अशी ती वरात धुरातून बाहेर पडली. समोर निळं आभाळ दिसलं तेव्हा टेरेन्स चक्क रडला. वर्नाने न बघितल्यासारखं केलं. तसंही तिला दिसत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत, जिथे सगळ्यांची सोय केली होती, तिथे बातमी आली. वर्नाचं घर गेलं होतं. टेरेन्सचं उभं होतं. दोन्हींच्या मधे एक कुंपण, पण आगीला कोण विचारणार? वर्ना खाटेवर बसून हमसाहमशी रडली. आर्विडने बांधलेला ओटा, मुलांच्या उंचीच्या खुणा असलेली चौकट, सगळं गेलं. टेरेन्सची बायको शॉना तिला धरून बसली होती. "धूर साफ झाला की आमच्याकडे या. खालची खोली रिकामीच आहे," ती म्हणत होती.

कर्ट धावत आला. टेरेन्सने त्याला एकीकडे गाठलं आणि काल आईने गाडी कशी बाहेर काढली ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. डोळ्यांचं मात्र एक अक्षर नाही. कर्ट आईच्या पायाशी बसला.

"चुकलो मी, आई. ठेव तू किल्ली. त्या निवासाचं नावही काढणार नाही."

जिंकली होती वर्ना! यासाठीच तर तिने पडदे ओढले होते, पीठ चिवडलं होतं. पण तिने खिशातून किल्ली काढली आणि टेरेन्सच्या हातात कोंबली.

"मला दिसत नाही, कर्ट. काल डोळे याचे होते. माझ्या हातून उद्या सांताऐवजी पोर जाईल." तिने नाक पुसलं. "पण टेरेन्स, ऐक. रविवारी चर्च, शुक्रवारी केस, आणि मनात येईल तेव्हा आइस्क्रीम. मी शेजारी बसणार आणि मी बोलणार. कबूल?"

"कबूल. पण मला गिअर कुठे येतो?"

"मग ऊठ!"

बाहेर बर्फ पडायला लागला होता. "आता पडतोय मुडदा! दोन दिवस आधी हात मोडले होते?" वर्नाने आभाळाला झापलं आणि पिकअपमध्ये चालकाच्या डाव्या दाराऐवजी शेजारच्या उजव्या दाराने चढली. टेरेन्सने क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. वॉफल भुंकला, दारात उभा कर्ट पोट धरून हसला.

"पुन्हा," वर्ना म्हणाली.