हलक्या पाण्याची यादी

त्या दुकानात मासे घ्यायला गेलेलं माणूस बऱ्याचदा मासे न घेता, वर चार शब्द ऐकून परत येत असे. दुकान चालवणाऱ्या बाईचा नियमच तसा होता. आधी घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणायचं, टाकी किती फुटी आहे ते सांगायचं, आत आधीपासून कोण कोण आहे ते सांगायचं. मग ती ठरवणार, तुमची मासे पाळायची लायकी आहे की नाही. बाटलीतलं पाणी ती काचेच्या नळीत घेई आणि औषधाचे थेंब मोजत सोडी. दोन-तीन थेंबांत रंग पालटला तर पाणी हलकं. दहा-बारा लागले तर जड, क्षारांनी भरलेलं. जड पाणीवाल्याला ती हलक्या पाण्यातच जगणाऱ्या इवल्या निऑन टेट्राच्या टाकीसमोर उभंसुद्धा राहू देत नसे. "मारायचेच असतील तर मेलेले घ्या की, ते बाजारात मिळतात," असं तोंडावर सांगायची. भीडभाड तिला जन्मात ठाऊक नव्हती. माघारी सगळे तिला नाहीबाई म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं आणि, खरं सांगायचं तर, तिला ते आवडलंही होतं.

एवढा तोरा मिरवणाऱ्या या बाईच्या आयुष्यात गोड म्हणावी अशी गोष्ट एकच होती. ती म्हणजे रविवार. रविवारी तिची लेक दुकानात यायची. नवऱ्याशी सहा वर्षांपूर्वी फारकत झाली होती, दोन वर्षांपूर्वी त्यानं दुसरं लग्न केलं, आणि लेकीची नवी शाळा त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर निघाली. झालं. पोर तिकडे राहायला गेली, आणि आईच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस उरला. त्या दिवशी तेरा वर्षांची लेक बाह्या वर करून टाक्यांच्या काचा पुसायची, पिल्लांना खायला घालायची, आणि मायलेकी मिळून गिऱ्हाइकांची टिंगल करायच्या. बाकीचे सहा दिवस नाहीबाई या एका दिवसाकडे डोळे लावून बसायची. हे कुणी तिच्या तोंडावर म्हटलं असतं तर तिनं त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

एका गुरुवारी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि दुसरी आत आली. दुसरी म्हणजे नवऱ्याची दुसरी. हातात पाण्याची बाटली, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर हसू.

"नमस्कार ताई," ती म्हणाली.

"मी कुणाची ताई नाही," नाहीबाई म्हणाली. "बाटली इकडे द्या."

दुसरीचं हसू जरा कमी झालं, पण पुरतं गेलं नाही. याचाच नाहीबाईला भारी राग होता. भांडणारं माणूस तिला परवडायचं. हे असं शब्द झेलून पुन्हा हसणारं माणूस समोर आलं की तिला दातओठ खावेसे वाटायचे.

पहिला थेंब पडला. दुसऱ्याला पाण्याचा रंग पालटला. इतकं हलकं पाणी तिच्या दुकानात महिन्यातून एखाद्या वेळी येई. नवऱ्याच्या घरी असं पाणी असावं हेही तिला आवडलं नाही.

"यादी आणलीय," दुसरी म्हणाली आणि वहीचं पान पुढे केलं.

अक्षर लेकीचं होतं. टाकी तीन फुटी. निऑन टेट्रा बारा, मधल्या पाण्यात थव्यानं फिरायला. कोरी सहा, तळाशी मिशा फिरवत खरकटं वेचायला. मोती गुरामीची जोडी, वरच्या थरात. खाली कंसात लिहिलं होतं, 'आईकडच्या मागच्या टाकीतली, मी वाढवलेली.' काहीही काढावं किंवा घालावं असं त्या यादीत नव्हतं. पाणी एक, उष्णता एक, स्वभाव मवाळ, आणि कुणी कुणाच्या जागेत शिरणारं नाही. नाहीबाईनं स्वतः केली असती तर अशीच केली असती.

"उद्या शुक्रवारी वाढदिवस आहे ना तिचा," दुसरी सांगत होती. "टाकी महिनाभर नुसती पाण्यावर चालवलीय, फिल्टर लावून. तीच म्हणाली, आधी पाणी मुरू दे, घाई नको. तुमच्याच हाताखाली शिकलीय, ऐकते कुठली!"

महिनाभर! म्हणजे चार रविवार. चार रविवार पोर या दुकानात काचा पुसत होती आणि तिकडे घरात तीन फुटी टाकी उभी राहिली होती, आणि आईला तिनं चकार शब्द सांगितला नव्हता. घरातच मासे आले की पोर रविवारी दुकानात कशाला येईल? आधी म्हणेल आज अभ्यास आहे, मग म्हणेल आज पाणी बदलायचंय, आणि मग काही म्हणणारच नाही. हसत हसत ही बया पोर तर घेऊन गेलीच, आता रविवारही न्यायला आली होती. आणि तोही बाटली घेऊन, नियमानं.

तिनं जाळी उचलली आणि मासे काढायला लागली. बारा निऑन. सहा कोरी. मागच्या टाकीतून मोती गुरामी काढताना तिचा हात थोडा थांबला. अंगभर मोत्यांचे ठिपके, आणि पोटाखालून दोऱ्यासारखे लांब दोन स्पर्शक, त्यांनी ते आंधळ्यासारखे चाचपत पुढे जायचे. लेकीनं त्यांना नखाएवढे असल्यापासून वाढवलं होतं.

दुसरी तोवर दुकानभर फिरत होती. कोपऱ्यातल्या टाकीपाशी ती थबकली. तिथे टायगर बार्ब होते, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, लाल पर, आणि एक क्षण स्वस्थ बसतील तर शपथ.

"अगंबाई, किती गोड आहेत हे! ताई, मला एक जोडी माझ्याकडून घालायचीय. यादीत नसलेली. तिला माहीत नको. हे दोन दिले तर चालतील का या बाकीच्यांत?"

आता इथे नाहीबाईनं काय करायला हवं होतं ते तिच्या दुकानाच्या पायरीवरचं मांजरही सांगेल. टायगर बार्ब म्हणजे टवाळ पोरं. आठ-दहा एकत्र ठेवले तर आपापसांत दंगा करतात. दोनच ठेवले तर त्यांना दुसऱ्यांचे लांब पर आणि दोरे कुरतडण्यावाचून उद्योग उरत नाही. गुरामीच्या टाकीत टायगर बार्बची जोडी मागणाऱ्या एका वकिलाला तिनं मागच्याच महिन्यात भर दुकानात झापलं होतं.

"पाण्याला चालतात," नाहीबाई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. हलकं पाणी त्यांनाही मानवतं.

"खरंच? मला वाटलं तुम्ही ओरडणार!" दुसरी खूश होऊन म्हणाली.

नाहीबाईनं दोन बार्ब वेगळ्या पिशवीत घातले, हवा भरली, रबर लावलं. तिच्या डोळ्यांपुढे शुक्रवार उभा राहिला होता. लेक पिशवी बघणार, कपाळावर हात मारणार. "मावशी, तुला काही म्हणजे काही कळत नाही," असं दुसरीला म्हणणार. त्या बाईचं तोंड एवढंसं होणार. आणि रविवारी लेक ती पिशवी घेऊन दुकानात येणार, मायलेकी पोट धरून हसणार. एवढंच तिला हवं होतं, आणि त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरीला दार उघडून दिलं.

रविवारी लेक आली नाही. फोन आला. "आई, आज टाकीजवळच थांबते गं, नवीन आहेत ना." बार्बचं नावही निघालं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही फोनच आला, आणि त्यात आवाज बारीक होता. नाहीबाईनं त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना हाकललं. तिसऱ्याचं पाणी उत्तम होतं.

मग शनिवारी सकाळी लेक आली. बरोबर दुसरी होती, पण ती बाहेर स्कूटरपाशीच थांबली. लेकीनं दोन पिशव्या काउंटरवर ठेवल्या. एकीत टायगर बार्ब, चांगले गुबगुबीत. दुसरीत एक मोती गुरामी, एका कुशीवर कललेला. त्याचे दोरे मुळापासून गेले होते, शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"दुसरा काल गेला," लेक म्हणाली.

"अगं, मग काढायचे ना त्यांना! बघितल्याबरोबर काढायचे! तुला काय शिकवलंय मी?"

"मावशीनं हौसेनं आणले होते. तिच्यासमोर कसे काढणार?" लेकीनं ओठ चावला. "आणि ती म्हणाली, आईनं सांगितलंय, चालतात. मग मला वाटलं, तू काहीतरी विचार करून दिले असशील. मला माहीत नसेल असं काहीतरी असेल. म्हणून मी थांबले."

तिनं दुसरीला मारलेला दगड पोरीला लागला होता, आणि पोर त्याखाली पंधरा दिवस उभी राहिली होती, आईवरच्या विश्वासापायी.

"मावशी तर म्हणते, तुझी आई माशांत चुकायची नाही, माझंच काहीतरी चुकलं. तीन दिवस तीच पाणी बदलतेय. काल रडली." लेकीनं मान वर केली आणि आईकडे सरळ बघितलं. "तू चुकलीस ना, आई?"

प्रश्न साधा होता. पण लेक उत्तराची वाट ज्या तऱ्हेनं बघत होती, त्यावरून नाहीबाईला कळलं की पोरीनं सगळा हिशेब मनात मांडून बघितलाय, आणि तिला एकच उत्तर हवंय. 'नाही, मला ठाऊक होतं' असं म्हटलं तर माशांतला मान राहील आणि पोरीच्या मनातली आई जाईल. नाहीबाईच्या तोंडून उभ्या आयुष्यात जो शब्द निघाला नव्हता तो तिनं ओढून काढला.

"चुकले," ती म्हणाली.

लेकीनं श्वास सोडला. केवढा तरी मोठा. मग ती धावत बाहेर गेली. काचेतून दिसत होतं, ती दुसरीला हात हलवून काही सांगत होती, आणि दुसरीचा उतरलेला चेहरा हळूहळू उजळत होता. मग दुसरी दुकानात आली. आत दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक तो झापलेला वकील.

"अहो ताई, होतं असं!" ती मोठ्या मायेनं म्हणाली आणि काउंटरवरच्या नाहीबाईच्या हातावर हात ठेवला. "एवढ्या व्यापात एखादी गोष्ट नजरेतून सुटतेच की. माणूसच आहात तुम्ही. मनाला लावून घेऊ नका. माझ्या मनात काही नाही."

वकिलानं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. नाहीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं या बाईशी लग्न केलं तेव्हाही ती इतकी जळली नव्हती. शिव्या घातल्या असत्या, पिशव्या फेकल्या असत्या, चारचौघांत तमाशा केला असता तर ती उभ्याउभ्या परतफेड करून मोकळी झाली असती. पण हिनं तिला माफ केलं होतं, आणि तेही न केलेल्या चुकीसाठी. केलेली गोष्ट सांगायची सोय नव्हती, कारण लेक दारात उभी राहून दोघींकडे बघत हसत होती.

"बरं," नाहीबाई म्हणाली. हात मात्र तिनं काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवारी लेक आली, दहाच्या ठोक्याला, सांगितल्यासारखी. बाह्या वर केल्या, काचा पुसल्या, जखमी गुरामीच्या पाण्यात औषध घातलं, शाळेतल्या बाईंची नक्कल केली. नाहीबाईला वाटलं, सुटले. शब्द एकच गिळावा लागला, पण रविवार राहिला.

बाराच्या सुमाराला एक गृहस्थ बाटली घेऊन आले. पाणी हलकं निघालं, तीन थेंबांत रंग पालटला. त्यांना निऑनबरोबर आणखी एक थवा हवा होता.

"हे छोटे रास्बोरा चालतील का हो त्यांच्यात?"

"चालतील," नाहीबाई म्हणाली आणि पिशवी फुंकून उघडली.

"काका, एक मिनिट हं," मागून आवाज आला.

लेकीनं ओले हात फ्रॉकला पुसले. दप्तरातून तिनं एक जाड पुस्तक काढलं, शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलं. पानं उलटली, बोट ठेवलं, आणि ओठ हलवत एकेक ओळ खाली उतरत गेली. आईला दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं. चुकणाऱ्या माणसाला मदत करावी, तशी ती करत होती.

नाहीबाई उघडी पिशवी हातात धरून उभी राहिली. बोट ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिलाही थांबावं लागलं.

"बरोबर आहे," लेक गृहस्थांना म्हणाली. "द्यायला हरकत नाही. दे, आई."