अकरा खोल्यांचा सोऱ्या

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. मी सोऱ्या. चकल्या पाडायचा, पितळेचा, चांगला दीड किलो वजनाचा. माझ्या पोटात पीठ भरतात, मूठ फिरवली की वरचा दट्ट्या खाली येतो आणि तळाच्या चकतीतून चकली बाहेर पडते. हल्ली मूठ फिरवताना मी कुरकुरतो, पण वयाचा एवढा मान ठेवायलाच हवा.

मला घडवलं तांबाकाट्याजवळच्या एका तांबटाने. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. त्या वर्षी गिरणी बंद होती. बोनस सोडाच, पगाराचीच बोंब होती. तरी पोरांना दिवाळी हवीच होती. मग मजल्यावरच्या अकरा खोल्यांनी वर्गणी काढली. प्रत्येकीने वेगळा सोऱ्या, वेगळी कढई कशाला घ्यायची? तेलाचा डबा एकत्र आणायचा, भाजणी एकत्र दळायची आणि सोऱ्याही एकच घ्यायचा, असं ठरलं. कुशाबा नावाच्या विणकराने मला विकत आणलं. त्याच्या बायकोच्या, रमाबाईच्या माळ्यावर जागा होती म्हणून मी तिच्याकडे राहिलो. मालक मात्र अकरा.

दिवाळीआधीचे आठ दिवस मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचो. नेम एकच होता. सोऱ्या परत करायचा तो रिकामा नाही, सोबत बशीत पाच चकल्या हव्यात. कुणाची चकली तेल प्यायलेली, कुणाची दगडासारखी, यावर गॅलरीत आठवडाभर चर्चा चालायची. पैसे कमी होते, पण त्या दिवसांत कुणी ते बोलून दाखवत नसे.

शेजारच्या खोलीतली राधाबाई आणि रमाबाई यांची तर जोडीच होती. एक पीठ मळायची, दुसरी मूठ फिरवायची. मालवणहून दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. तीस दिवाळ्या मी त्या दोघींच्या हातांत काढल्या. चांगले दिवस कोणते, असं मला कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना मला अजून लाज वाटते. बारा वर्षांपूर्वी, त्या दिवाळीची शेवटची पाळी राधाबाईची होती. तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. तिने माझं तळाचं झाकण काढून पुसलं, मला वरून फडकं मारलं आणि बशीत पाच चकल्या घेऊन मला पोचतं केलं. चकलीची चकती आपण चकत्यांच्या डबीत टाकली, असं तिला वाटलं. खरं म्हणजे ती चकती पिठाने दट्ट्याला चिकटून माझ्या पोटातच, अगदी वर राहिली होती. दुसऱ्या दिवशी मला माळ्यावर ठेवण्याआधी रमाबाईने डबी उघडली. त्यात शेवेच्या दोन चकत्या होत्या, पापडीची होती, पण चकलीची नव्हती.

गॅलरीत चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तिने विचारलं, “राधे, चकती खय गेली?”

राधाबाई म्हणाली, मी डबीत घातलेली.

“मगे तिका काय पाय फुटले?”

रमाबाई हे रागाने बोलली की थट्टेने, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पण राधाबाईच्या जिव्हारी लागलं. तिने अजून तशीच असलेली पाच चकल्यांची ती बशी उचलली आणि आपल्या खोलीत गेली. मी ओरडून सांगणार होतो की चकती माझ्याजवळ आहे. पण आम्हाला तोंड असतं ते फक्त पीठ बाहेर काढायला.

पुढच्याच वर्षी चाळ पाडायला घेतली. राधाबाईच्या मुलाला, जगदीशला, सरकारी नोकरीत क्वार्टर मिळालं आणि ती अँटॉप हिलला गेली. चाळीच्या जागी टॉवर झाला. रमाबाईला तिथे तेराव्या मजल्यावर घर मिळालं. कुशाबा ते घर बघायला राहिला नाही. मी पुन्हा माळ्यावर गेलो, आणि फराळ दुकानातून येऊ लागला. दर दिवाळीला खाली पाकिटं फोडल्याचा आवाज यायचा. मग रमाबाई पहिली चकली तोंडात घालायची आणि म्हणायची, “राधेच्या हातची नाय.” एवढंच. फोन मात्र तिने कधी केला नाही. मला वाटायचं, आज तरी कुणी मला खाली काढेल, आज तरी मूठ फिरवेल. मित्रांनो, वाट पाहण्याचं दुसरं काही नाही, पण जिची वाट पाहतो तिलाच ते ठाऊक नसतं, हे फार लागतं.

यंदा रमाबाईच्या मुलाला, हितेंद्रला, कंपनीने बोनसऐवजी सुक्या मेव्याचा डबा दिला. दिवाळीनंतर लेकीची, आरोहीची, शाळेची फी भरायची होती. त्याची बायको सीमा परळच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसते. तिने दुकानातल्या फराळाचे भाव पाहिले आणि घरीच करायचं ठरवलं. तेवढ्यासाठी मला खाली काढलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण डबीत चकलीची चकती नव्हती. बाजारात माझ्या मापाची मिळेना. शेवटी रमाबाईच म्हणाली, मोडीत घाल, आणि त्या पैशांत नवीन स्टीलचा आण. म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सीमा आरोहीला घेऊन भांडीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, लोखंडी दांडा वेगळा करतो, पितळेचं वजन वेगळं धरू. त्याने तळाचं झाकण काढून माझी मूठ जोर लावून फिरवली. बारा वर्षांनी दट्ट्या खाली सरकला, आणि टण्णकन काहीतरी काट्यावर पडलं. सीमाने ते उचललं. वाळलेलं पीठ नखाने खरवडलं, तशा आतून चांदणीच्या आकाराच्या कडा दिसल्या.

“भय्या, रहने दो,” ती म्हणाली. “हे द्यायचं नाही.”

रमाबाईने चकती हातात घेतली. मग सुईने चांदणीचा एकेक कोपरा साफ करत म्हणाली, “मी तिका चार बायकांत बोललंय.” त्या दुपारी तिने चकल्या केल्या. पहिला घाणा तुटला. सीमाने जगदीशचा नंबर शोधून फोन लावून द्यायची तयारी दाखवली. रमाबाई नको म्हणाली. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमाने मिळवलेला पत्ता घेऊन आम्ही टॅक्सीने अँटॉप हिलला निघालो. रमाबाई, आरोही, पिशवीत मी आणि डब्यात पाच चकल्या. दार राधाबाईनेच उघडलं. ती केवढीशी झाली होती. रमाबाईने चकती तिच्या तळहातावर ठेवली. सोऱ्यातच होती, मीच नीट बघूक नाय, असं काहीतरी ती पुटपुटली.

राधाबाईने चकतीकडे पाहिलंच नाही.

“चकती ऱ्हवांदे गो,” ती म्हणाली. “तू खय होतंस इतकी वर्सां?”

मग दोघी दारातच उभ्या राहून रडल्या. आरोहीला काय करावं ते कळेना, म्हणून तिने मला पोटाशी धरून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल, तर एकदा खाली काढा. धुताना सगळे भाग उघडून धुवा, आत नीट बघा. आणि कुणाला काही विचारायचं असेल तर चार माणसांत विचारण्याआधी घरात शोधा. चाळीच्या बाकीच्या नऊ खोल्यांतली माणसं कुठे आहेत, मला ठाऊक नाही. एखाद्या दिवाळीला त्यांच्याकडेही जायला मिळावं, एवढीच इच्छा आहे.

सध्या मी राधाबाईच्या ओट्यावर आहे, सगळे भाग सुटे करून उन्हात वाळत ठेवलेला. पाळी आपली आहे म्हणून तिने मला ठेवून घेतलं. जगदीश म्हणत होता, ऑफिसला जाताना मीच देऊन येतो. ती नाही म्हणाली. उद्या ती स्वतः मला लालबागला पोचवणार आहे. बशी तिने आत्ताच काढून ठेवली आहे, बारा वर्षांपूर्वी उचलून नेलेली तीच.