आम्हाला घेता येत नाही

विमानात सगळ्या मुली तिला ताई म्हणत. सोळा वर्षांची नोकरी. नव्या मुलींना पहिला धडा तीच द्यायची : प्रवाशाने पैसे पुढे केले तर हसून, हात जोडून नाही म्हणायचं. "आज पैसे घेतलेत तर उद्या पाण्याचा पेला आधी कुणाला द्यायचा, ते त्याचा खिसा ठरवेल," असं ती सांगे.

त्या दुपारी, विमान उतरायला तासभर असताना, बाराव्या रांगेतली म्हातारी बसल्या जागी कोसळली. सोबत पन्नाशीचा मुलगा. विमानात डॉक्टर कुणी निघाला नाही. ताईने बाईंना मागच्या बाजूला आडवं केलं आणि छाती दाबायला घेतली. एका नव्या मुलीबरोबर आळीपाळीने चाळीस मिनिटं. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं, तरी ती थांबली नाही. पण बाई काही परतल्या नाहीत.

स्ट्रेचर खाली नेताना मुलगा मागे वळला आणि त्याने चुरगळलेली नोट तिच्या हातात कोंबली.

"नको हो दादा, आम्हाला घेता येत नाही."

"घ्या."

"खरंच नको."

"माझ्या आईसाठी घाम गाळलात तुम्ही!" तो ओरडला. "मला दुसरं काय देता येतंय आता?"

तिने मूठ मिटली.

एका प्रवाशाने ते पाहिलं आणि तक्रार केली : मेलेल्या बाईच्या मुलाकडून पैसे उकळले.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"लगेच कळवलं का नाहीस?"

"हातापायात त्राण नव्हतं, साहेब. घरी जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी नोट जमा केली की."

"तक्रार आल्यावर केलीस. त्या गृहस्थांना फोन केला होता आम्ही. आपण होऊन कुणाला पैसे दिल्याचं त्यांना आठवत नाही."

मुलाने नोट कोंबली तेव्हा छाती दाबणारी ती दुसरी मुलगी शेजारीच उभी होती. पण चौकशीत ती म्हणाली, माझं लक्ष नव्हतं. नोकरी लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते.

ताईची नोकरी गेली.

"घेतलेच नाहीत म्हणायचं होतंस," घरी आई म्हणाली. "त्या मुलालाच आठवत नाही, मग सिद्ध कोण करणार होतं?"

"घेतले होते गं आई."

"मग त्या मुलाला फोन कर. म्हणावं, नीट आठव, बाबा."

तिने कुठून तरी नंबर मिळवला. दोनदा लावायला घेतला. आई समोर बसून वाट बघत होती. शेवटी तिने फोन पालथा ठेवला.

"त्याला त्या दिवसातलं काय काय आठवायला लावू?" ती म्हणाली.