खुर्चीवरचा बॅकहँड

मी एक जुनी टेबल टेनिसची बॅट आहे. जुनी म्हटलं, मोडकी नाही, नीट ऐका. लाकडाचे पाच पातळ थर चिकटवून, दाबून मला घडवलं. एका अंगाला लाल रबर, दुसऱ्या अंगाला काळं. मित्रांनो, माझं लाल अंग घासून गुळगुळीत झालं, तरी काळं कोरंच होतं. मुलं बॅकहँडला भितात आणि खापर आमच्या डोक्यावर फोडतात.

भिंगरी त्यातलीच. हे नाव शिकवणाऱ्या ताईंनी ठेवलेलं. चेंडू डावीकडे आला की ही धावत त्याला वळसा घालायची आणि फोरहँडनेच मारायची. तोवर उजवी बाजू मोकळी.

“घर उघडं टाकून फिरायला जातेस, मग चोराने काय बेल वाजवायची?” ताई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलापुढे खुर्ची ठेवली. “बस. आता पळ बघू.”

भिंगरीचा दादा हसला. “आजीबाई, गुडघ्यांना तेल आणू का?”

संघात एकच जागा उरली होती. तिच्यासाठी शनिवारी याच दोघांचा सामना होता.

“कोपर पोटापुढे,” ताई सांगायच्या. “तोंडासमोरची माशी हाकलतेस ना, तसा हात सोड. माशी मारायची नाहीये.”

पहिल्या दिवशी सगळे चेंडू जाळीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मात्र काळ्या रबरावर नीट ठोका बसला. माहेरच्या कुणी हाक मारावी, तसं वाटलं.

शनिवारी दादाने हटकून डावीकडेच चेंडू टाकले. खुर्ची नव्हती. पण भिंगरीने सवयीने गुडघे वाकवले आणि ती हवेतच बसली. पोरं खो खो हसली.

“पडशील गं,” दादा म्हणाला.

ती पडली नाही. चेंडू त्याच्या बाजूला पडला. मग पुन्हा, आणि पुन्हा.

“दोन महिने गुडघे वाकव म्हणून घसा फोडला,” ताई पुटपुटल्या. “खुर्चीने चार दिवसांत शिकवलं.”

भिंगरी जिंकली. संघातल्या मुलांना नवी बॅट मिळते, तशी तिलाही मिळाली. तिने मला बाहीने पुसलं आणि कपाटात जुन्या जाळ्यांमागे ठेवलं. “थांब हं, येते मी.”

त्याला दोन वर्षं झाली. माझं रबर कडक पडत चाललंय. तक्रार करणाऱ्यांतली मी नाही. पण मित्रांनो, ज्या बॅटीवर हात बसला, तिला महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, दोन चेंडू खेळवा. आम्हाला स्वतःचा आवाज नसतो. चेंडू आला तरच आम्ही बोलतो.

रोज संध्याकाळी बाहेर खेळ सुरू होतो. दहा जणांच्या गलक्यातही भिंगरीचा बॅकहँड मला ठोक्यावरून ओळखू येतो. फार सुरेख मारते. तिला हे सांगायचं राहिलंय.